मुंजा दाखवायची घाई नको

अरे, कल्पना चांगली आहे तुझी, पण तिची कथा अजून झालेली नाही. जुन्या वाड्याच्या परसात पिंपळ, पिंपळावर मुंजा, वाडा पाडायला बिल्डर येतो आणि मुंजा चवताळतो. पुढचं वाचकाला न सांगताच कळतं. बिल्डरच्या माणसाला त्यानं झपाटलं काय नि विहिरीत ढकललं काय, कुणाला त्याचं सोयरसुतक? त्या मुंजाचं ज्याच्याकडे काही देणं राहिलंय, असा माणूस आधी शोध.

म्हणजे असं बघ. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीच्या आत गेला तर मुंजा होतो, ही आपल्याकडची समजूत. तर मग त्याचा थोरला भाऊ अजून हयात असू दे. सत्तरी उलटलेला. रीडेव्हलपमेंटच्या कागदांवर सगळ्या भाऊबंदांच्या सह्या झाल्यात, याची एकट्याची अडलीय. धाकटा आठ वर्षांचाच राहिलाय आणि अजून ‘दादा’ अशीच हाक मारतो. त्या दुपारी विहिरीवर काय झालं, ते या दोघांनाच ठाऊक. बिल्डर आता एका फोनपुरता उरला, आणि तेवढाच पुरे.

भुताला मन मानेल तसं वागू देऊ नकोस. त्याला नियम हवा, तोही एकच. 2018 चा ‘तुंबाड’ सिनेमा आठव, ज्याची प्रेरणा नारायण धारपांच्या कथेतून आली होती. कणकेची बाहुली दाखवायची, त्यातला राक्षस हस्तर तिच्यावर तुटून पडला की तेवढ्यात त्याच्या कमरेची नाणी ओढायची. प्रेक्षकाला हे पाठ होतं, मग बाप-लेक हावरटपणानं एकदम पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर! नियम तोच, पण आता माणसांच्याच मुळावर आलेला. तुझा मुंजा पारापलीकडे येऊ शकत नाही, कुणी नाव घेऊन घरात बोलावलं तरच येतो. हे सुरुवातीलाच एखाद्या म्हातारीच्या तोंडून निघून जाऊ दे, भाजी निवडता निवडता. शेवटी नाव घेणार तो दादाच. का घेईल? पश्चात्ताप म्हणू नकोस, ते फार गुळगुळीत झालं. वाडा गेला की आपल्याला ‘दादा’ म्हणणारं कुणीच उरणार नाही, हे कारण मला जास्त खरं वाटतं. तुला याहून चांगलं सुचलं तर उत्तमच.

आता भाषा. ‘भयाण शांतता पसरली’, ‘सर्रकन काटा आला’ ही वाक्यं खुशाल खोड. भ्यायचं काम वाचकाचं. तू वस्तू दाखव. दादा रात्री जुन्या गोट्या मोजून डबीत ठेवतो, बारा. सकाळी उघडतो तर तेरा, आणि तेरावी ओली. इतकंच लिही आणि लगेच पुढच्या वाक्यात दूधवाल्याला दारात उभा कर. दादा त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतो, डबी मात्र मुठीतून सोडत नाही. ओल कुठली, हे तू सांगायला गेलास की प्रसंग मेला.

मुंजा दिसायला हवा का? माझं मत, नको. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची माकडाच्या पंजाची कथा 1902 सालची. आई दाराची कडी काढायला धडपडते, बाहेर मेलेला मुलगा उभा असणार, आणि दार उघडायच्या आत बाप तिसरी इच्छा मागून मोकळा होतो. बाहेर नुसता रस्ता. त्या दाराआड काय होतं, ते प्रत्येक वाचक आपापलं रंगवतो.

धारप वाच, रत्नाकर मतकरी तर वाचच. धारपांनी ‘लुचाई’ स्टीफन किंगवरून बेतली, तरी माणसं इथलीच वाटतात, ती कशी, एवढं बारकाईनं पाहा. आणि शेवटचं वाक्य ठरल्याशिवाय पहिलं पान लिहायला बसू नकोस. भयकथा मधेच भरकटते ती बहुधा याच कारणानं.

दिवाळी अंकवाले पावसाळ्यातच कथा मागतात, तेव्हा जूनमध्ये खर्डा हातात दे. त्याआधी फक्त गोट्यांचा प्रसंग लिहून आण. तो जमला नाही, तर बाकीचं मी वाचणार नाही.