मधुमेहींसाठी मोबाइल ॲप : उपलब्धता आणि उपयोगसुलभता

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिॲब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. आहार, व्यायाम, औषधे व रक्तशर्करेची नोंद यांबाबतचे निर्णय रुग्णाला रोज स्वतःच घ्यावे लागतात. या स्व-व्यवस्थापनास मोबाइल ॲप साहाय्यभूत ठरू शकते. तथापि ते उपलब्ध असणे आणि वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संकल्पना

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२४१-११ नुसार उपयोगसुलभतेचे तीन निकष आहेत : परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान. म्हणजेच काम अचूकपणे पूर्ण होते काय, त्यासाठी किती वेळ व श्रम लागतात आणि वापरणाऱ्याचे समाधान होते काय. जॉन ब्रुक यांची दहा विधानांची मापनश्रेणीही प्रचलित असून तीत ० ते १०० गुण मिळतात.

मधुमेहींच्या विशेष गरजा

दीर्घकालीन मधुमेहामुळे दृष्टिपटलास इजा होऊ शकते; बोटांची संवेदनाही मंदावू शकते. त्यामुळे बारीक अक्षरे व लहान बटणे असलेले ॲप नेमके अधिक गरजू रुग्णालाच दूर लोटते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास हात थरथरतात, मन गोंधळते. अशा वेळी मदत एका स्पर्शात मिळावयास हवी. भारतात उपाशीपोटीची १२६ ही मर्यादा परिचित आहे; तीच अन्य एककात सुमारे ७ मिलिमोल प्रति लिटर होते. एकक बदलल्यास अर्थाचा अनर्थ संभवतो. जेवणाची नोंद ग्रॅमऐवजी वाटी, चमचा, पोळी अशा घरगुती मापांत घेणे अधिक सोयीचे.

आर्थिक व सामाजिक बाजू

विनामूल्य ॲपचीही किंमत असते. ती वेळ, श्रम व इंटरनेटच्या खर्चाच्या रूपाने मोजावी लागते. ही किंमत लाभापेक्षा जास्त वाटली की वापर थांबतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५३.९ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरत असलेला मोबाइल होता; इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारचा २०१६ मधील ‘एम-डायबेटिस’ उपक्रम अभ्यासनीय आहे. मिस्ड कॉल दिल्यावर साध्या लघुसंदेशांद्वारे माहिती मिळण्याची सोय असल्याने त्यासाठी स्मार्टफोनची गरज नव्हती.

समारोप

ॲप किती जणांनी उतरवून घेतले, ही संख्या यशाचे अपुरे मोजमाप होय. सहा महिन्यांनंतर किती जण ते वापरतात आणि त्यांत वृद्ध, ग्रामीण व अल्पशिक्षित किती, हे तपासले पाहिजे. भारतीय भाषा, ध्वनिसूचना आणि संरचनेच्या टप्प्यावरच रुग्णांचा सहभाग यांची जोड मिळाली, तरच तंत्रज्ञान आरोग्यातील विषमता कमी करील. अन्यथा ती वाढविण्याचा धोका आहे.