बॅट झाक, हात आवर

निडी, ता. रोहा

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

टेबल टेनिस खेळताना बॅकहँडवर लांब टॉपस्पिन सर्व्हिस आली की तुझा चेंडू टेबलापार जातो, असं ताईकडून कळलं. मनगटात जोर नाही, असं तू म्हणतेस. माझ्या मते तू जोर जास्त लावतेस.

टॉपस्पिनचा चेंडू रबरावर आदळला की त्याची फिरकीच त्याला वर चढवते. त्यात तू बॅट उघडी ठेवून पुश केलास, तर तो उडणारच. बॅटचं तोंड टेबलाकडे झुकव. आपल्याकडच्या पावसात वारा समोरून आला की छत्री पुढे कलवतो ना, तसं. फिरकी जितकी जास्त, तितकी बॅट जास्त झाकायची. टप्प्यानंतर चेंडू चढत असतानाच त्याला पोटासमोर गाठ. हात मागे खेचू नकोस आणि कोपर अंगाला चिकटवू नकोस. चेंडू दूर असेल तर हात लांबवण्याऐवजी पाय हलव.

आता बॅट किती झाकायची, हे आधीच कळायला हवं. नियम तुझ्या बाजूने आहे: चेंडू किमान 16 सेंमी वर टाकावा लागतो आणि 2002 पासून तो अंगाआड लपवून मारता येत नाही. तेव्हा चेंडूला बॅट लागते तो क्षण पाहा. बॅट खालून वर घासत गेली तर टॉपस्पिन, चेंडूच्या तळाखालून सरकली तर कट. नंतरचे हातवारे तुला फसवण्यासाठी असतात. तरीही शंका उरली तर टप्पा बघ: टॉपस्पिन पुढे झेपावतो, कट रेंगाळतो.

मनिका बत्राने 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत बॅकहँडच्या लांब पिंपल्सच्या रबरावर भल्याभल्यांना गोंधळवलं. ते बघून तसं रबर मागू नकोस. त्यावर समोरच्याची फिरकी फारशी चढत नाही, त्यामुळे ती ओळखायची सवय तुला लागणार नाही. आधी साध्या रबरावर हात बसू दे.

सरावात जोडीदाराला फक्त टॉपस्पिन सर्व्हिस करायला सांग. सुरुवातीला नुसता ब्लॉक, तोही तिरका. तो टेबलात पडू लागला की तिच्या कोपराच्या रोखाने टाक. फोरहँड की बॅकहँड, हे तिला पटकन ठरवता येत नाही. उलटा टॉपस्पिन त्यानंतर. रिटर्नवरच गुण घ्यायचा हट्ट सोड. पुढचा चेंडू तिला सोपा मिळू नये, एवढं साधलं तरी पुष्कळ.

दिवाळीत ये. इथे टेबलाची सोय करतो, बॅट मात्र तुझी आण.

तुझा मामा