कड्यावरचे बिऱ्हाड

मुलांनो, पक्षी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घरटे उभे राहते. सुगरणीचा झुलता खोपा असो वा वळचणीतला चिमणीचा गवताचा पसारा असो, अंड्याला काहीतरी आधार असतोच. गिलिमॉट हा समुद्रपक्षी मात्र घरट्यासाठी एक काडीदेखील उचलीत नाही.

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवर समुद्रातून सरळ वर चढलेले कडे आहेत. वसंत ऋतूत तेथील अरुंद, पायरीसारख्या खडकांवर हे पक्षी दाटीने उभे राहतात. पाठ काळसर तपकिरी, पोट पांढरेशुभ्र, आकार आपल्या कावळ्याएवढा. पण वजन सुमारे किलोभर! एका चौरस मीटर जागेत 20 जोडप्यांचाही संसार चालतो. भांडणे होतात, हे खरे; परंतु ही गर्दीच त्यांची तटबंदी होय. चोचींच्या त्या भिंतीपुढे अंडी पळविणाऱ्या कुरव पक्ष्याचे फारसे चालत नाही.

मादी एकच अंडे घालते, तेही उघड्या खडकावर. ते एका टोकाला चांगलेच निमुळते असते. असे अंडे भोवऱ्याप्रमाणे जागच्या जागी फिरते, म्हणून खाली पडत नाही, असे पूर्वी पुस्तकांतून छापीत असत. स्पष्टीकरण मोठे गोड. पण वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर 1972 पासून या पक्ष्यांचा अभ्यास करणारे टिम बर्कहेड यांनी ते पारखून पाहिले. निमुळत्या अंड्याची लांब बाजू उतरत्या खडकावर अधिक टेकते, त्यामुळे ते सहसा घरंगळतच नाही, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली दाखवून दिले. अंड्यांचे रंगही निरनिराळे : निळे, हिरवे, पांढरे, वर शाईच्या फराट्यांसारख्या रेघा. त्यांवरून आईबाप आपले अंडे ओळखतात.

या रंगांनीच घात केला. यॉर्कशायरमधील बेम्प्टनच्या कड्यांवरून माणसे दोराने उतरत आणि अंडी गोळा करीत. काही खाण्यासाठी, काही संग्राहकांना विकण्यासाठी. 1954 च्या कायद्याने हे थांबले. दोर गेला, संकट मात्र टळले नाही. 2014 ते 2016 या काळात उत्तर पॅसिफिक महासागराचे पाणी विलक्षण तापले, खाद्य मासे दुर्मिळ झाले आणि अलास्कातील सुमारे 40 लक्ष गिलिमॉट मृत्युमुखी पडले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की त्याची परीक्षा येते. वजन बापाच्या पाव हिश्शाएवढे. पंख उडण्याजोगे झालेले नसतात. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात बाप बहुधा खाली पाण्यावर जाऊन साद घालतो. तो आवाज पिल्लाच्या ओळखीचा असतो. अंड्यात असतानाच ते तो ऐकू लागलेले असते. ते कडेशी येते, मागे सरते, पुन्हा येते आणि उडी घेते! कधी कधी शंभर मीटर खाली! खडकावर आपटले तरी अंगावरच्या मऊ पिसांमुळे ते पुष्कळदा उठून पाण्याकडे धावते. मग बाप त्याला घेऊन खोल समुद्राकडे निघतो आणि पुढे कित्येक आठवडे मासे भरवितो. आई आणखी काही दिवस त्या रिकाम्या कड्यावरच रेंगाळते.