इंटरनेट हळू चालतंय? कंपनी बदलण्याआधी आठ दिवस वही भरा

मैत्रिणींनो, आता खेड्यातही घरोघरी वायफाय येऊ लागलंय. कुणी ब्लाउजचे नमुने गिऱ्हाइकाला पाठवतं, कुणी ऑनलाइन फॉर्म भरून देतं, बँक सखीचं तर सगळं कामच त्यावर. अशा वेळी गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मोबाइलवर चाक गरागरा फिरतंय, म्हणजे जीव नकोसा होतो. नेमकं तेव्हाच दुसऱ्या कंपनीचा माणूस पत्रक घेऊन दारात येतो. ‘शंभरचा स्पीड, जोडणी फुकट, फक्त सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरा.’ या आगाऊ पैशांसाठी गटातून कर्जाची मागणी होऊ लागली आहे, म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर.

आधी हा ‘शंभर’ काय ते पाहू. तो असतो एमबीपीएस, म्हणजे एका सेकंदात किती मेगाबिट येतात ते. आपल्या फोटो-व्हिडिओचं माप मात्र मेगाबाइटमध्ये असतं आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून शंभरच्या प्लॅनमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात. एक जीबीचा सिनेमा शंभरवर दीड मिनिटाच्या आत उतरतो, तीसवर साधारण साडेचार मिनिटं लागतात. फरक आहे, पण तो मोठी फाईल उतरवताना. व्हिडिओ कॉलला २ ते ४ एमबीपीएस पुरतात, यूपीआयच्या व्यवहाराला तर नावापुरतंच नेट लागतं. सरकारच्या व्याख्येप्रमाणे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळत असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. घरात चार-पाच मोबाइल आणि एक टीव्ही असेल, तर खरोखर मिळणारे तीस एमबीपीएस बहुतेक घरांना पुरेसे होतात. ‘खरोखर मिळणारे’ हे शब्द महत्त्वाचे.

आता मुख्य गोष्ट. नेट तीन ठिकाणी अडू शकतं. एक आपल्या घरात, दुसरं बाहेरून येणाऱ्या तारेत, तिसरं पलीकडे, म्हणजे ज्या साइटवर आपण जातोय तिथेच. कंपनी बदलून फक्त मधलं दुखणं बरं होतं. अर्ज भरायची शेवटची तारीख असली आणि सगळा जिल्हा एकाच साइटवर तुटून पडला, की कुठल्याही कंपनीचं नेट घ्या, साइट अडकणारच.

दुखणं कुठे आहे हे शोधायला एक वही आणि मोबाइल पुरेसा आहे. ट्रायचं ‘मायस्पीड’ ॲप किंवा स्पीड तपासायचं दुसरं कोणतंही ओळखीचं ॲप घ्या. मोबाइल डेटा बंद करून वायफाय चालू ठेवा, नाहीतर सिमकार्डाचाच स्पीड मोजाल. आठ दिवस रोज तीन वेळा मोजा: सकाळी, दुपारी आणि रात्री आठ-नऊला. दर वेळी दोनदा, एकदा राउटरपासून चार-पाच फुटांवर आणि एकदा आपण काम करतो त्या खोलीत. त्या वेळी बाकीच्यांनी नेट वापरू नये. पोरांना तेवढी दोन मिनिटं थांबवणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग! वहीत तारीख, वेळ, डाउनलोड आणि अपलोड लिहा. अपलोड विसरू नका. आपण मालाचे फोटो, कागदपत्रं पाठवतो ती अपलोडमधून जातात, आणि पत्रकावर छापलेला मोठा आकडा बऱ्याचदा नुसत्या डाउनलोडचा असतो.

आठ दिवसांनी वही वाचा. राउटरजवळ पूर्ण स्पीड आणि मागच्या खोलीत चौथा हिस्सा, असं असेल तर कंपनीचा काही दोष नाही. आपल्याकडे राउटर टीव्हीमागे कोपऱ्यात किंवा भांड्यांच्या मांडणीजवळ टांगलेला असतो. दगडामातीची जाड भिंत, पत्रा, धान्याची कोठी, फ्रिज हे सगळे वायफाय अडवतात. राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यावर आणा. राउटरमधून दोन तऱ्हेचं वायफाय येतं. २.४ गिगाहर्ट्झचं लांब पोचतं पण संथ, ५ गिगाहर्ट्झचं वेगवान पण एका भिंतीतच दमतं. जुना फोन फक्त २.४ धरत असेल, तर दोनशेचा प्लॅन घेतला तरी त्या फोनवर दोनशे दिसणार नाहीत. कामाची खोली लांबच असेल तर तिथपर्यंत एक तार ओढून घेणं नव्या कनेक्शनपेक्षा स्वस्त पडतं.

राउटरजवळही सदा कमीच येत असेल तर दोष तारेचा, मशीनचा किंवा प्लॅनचा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोचत नाही असं समजा. तार कुठेतरी तुटली किंवा दबली आहे. महिन्याच्या शेवटीच वेग घसरत असेल तर डेटाची मर्यादा संपलेली असते. ‘अनलिमिटेड’ लिहिलं असलं तरी ठरावीक जीबीनंतर वेग उतरवतात, ते बारीक अक्षरात असतं. सकाळी छान आणि रात्री रडतखडत, असं असेल तर एकाच लाइनीवर घरं फार झालीत. तिथे त्याच कंपनीचा मोठा प्लॅन घेऊन फारसा उपयोग नाही. अशा वेळी दुसरी कंपनी बघणं शहाणपणाचं.

पण आधी जुन्या कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नवी कंपनी बघताना पत्रकापेक्षा शेजारीण खरी. जिच्याकडे ते नेट आहे तिच्या घरी रात्री आठला जाऊन मोजा. विचारा, तार तुटली तर माणूस कुठून येतो, पावसाळ्यात किती दिवस लागले? तारेविना छतावरच्या यंत्रातून मिळणारं नेट असेल तर ते टॉवरवर अवलंबून असतं. लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ टिकतो तेही विचारा. फायबरला वाटेत विजेची गरज नसते, फक्त दोन्ही टोकांना लागते. आपल्या टोकाला राउटरची छोटी बॅटरी लावली तरी पलीकडच्या टोकाला बॅकअप नसेल तर नेट जाणारच. जिथे भारनियमन रोजचं, तिथे वेगापेक्षा हा प्रश्न मोठा आहे असं माझं मत.

मग हिशेब. समजा आज ४९९चा प्लॅन आहे आणि नवा ५९९चा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ आणि ७०७ रुपये. महिन्याला ११८ जास्त, वर्षाला १,४१६. सहा महिन्यांचे आगाऊ म्हणजे ४,२४१ रुपये. ते गटातून महिना २ टक्क्यांनी उचलले तर पहिल्याच महिन्याचं व्याज ८५ रुपये. आगाऊ भरल्याची सूट त्या व्याजापेक्षा जास्त आहे का, ते बघा. राउटर फुकट की अनामत घेऊन, मध्येच बंद केलं तर किती पैसे परत, हे लिहून घ्या. नेटवर तुमचा उद्योग चालत असेल तर कनेक्शन तुमच्याच नावावर घ्या आणि बिल उद्योगाच्या खर्चात मांडा, घरखर्चात नको. फोनवरून कुणी ‘स्पीड वाढवतो, लिंकवर पैसे भरा’ म्हणालं तर भरू नका, ओटीपी तर मुळीच देऊ नका.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तशी सोय ब्रॉडबँडला नाही. इथे नवं कनेक्शन वेगळं घ्यायचं आणि जुनं वेगळं बंद करायचं. त्यामुळे घाई नको. जमलं तर नवं महिन्याच्या भाड्यावर घ्या, पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा आणि तीच वही पुन्हा भरा. पटलं तरच जुनं बंद करण्याचा अर्ज लेखी द्या. जुना राउटर, फायबरचा डबा आणि अडॅप्टर परत करताना त्यावरचे क्रमांक घालून पावती घ्या आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती पासबुकात जपून ठेवा.