रिकाम्या सर्व्हरला कोणते काम द्यावे?

मे महिन्यात महाविद्यालयाला सुटी लागली की आमच्या संगणक कक्षात शुकशुकाट होतो. कोपऱ्यातला सर्व्हर मात्र पंख्याची घरघर करीत चालूच असतो. प्रवेशाच्या व निकालाच्या दिवसांत त्याला दम खायला फुरसत नसते, एरवी काम जवळजवळ नाही. पण रिकामा म्हणजे फुकट नव्हे. जुने सर्व्हर काही न करता पूर्ण कामाच्या निम्म्याच्या आसपास वीज खातात!

मग त्याला कोणते काम द्यावे? जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपणांस ठाऊक आहेच. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतील संदेशांचा गुणाकार संदेश येत असतानाच करावा लागतो. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण संगणकांच्या संचावर करण्यात आले. पण ते संगणक एकमेकांना वेगवान तारांनी जोडलेले होते. आपला दूरचा सर्व्हर त्या कामी निरुपयोगी.

कोणते काम चालेल, हे वर्गातच पाहू. ९९९१ ही संख्या मूळ आहे काय? तिचे वर्गमूळ १०० हून किंचित कमी. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत. पंचवीस विद्यार्थ्यांना एकेक वाटून द्या. कोणालाही शेजाऱ्याला काही विचारावे लागत नाही. कोणी सावकाश भागाकार केला तरी बिघडत नाही. चूक होईल म्हणून तीच संख्या दोघांना द्यावी व उत्तरे ताडून पाहावीत. (९७ ज्याच्या वाट्याला येईल त्याची मौज!)

पल्सारचा शोध असाच असतो. पल्सार म्हणजे अतिवेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचे स्पंद गोंगाटात बुडालेले असतात आणि आवर्तकाल आधी ठाऊक नसतो. म्हणून असंख्य शक्य आवर्तकाल लावून पाहावे लागतात, व प्रत्येक तपासणी स्वतंत्र असते. २००५ साली सुरू झालेला ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प अशी कामे जगभरच्या रिकाम्या संगणकांना वाटतो. २०१० साली त्यातून एक नवा पल्सार सापडला. तो सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेतो. निरीक्षणे अरेसिबोच्या दुर्बिणीची होती (ती २०२० साली कोसळली), आणि ज्या संगणकांवर तो दिसला त्यांपैकी एक अमेरिकेतील एका जोडप्याचा, तर दुसरा जर्मनीतील माइंट्स विद्यापीठाच्या संगीतविषयक संगणन विभागातला होता. संगीताचा संगणक आणि सापडला तारा!

आपल्याकडे वीज मध्येच जाते, त्याचे काय? असे कार्यक्रम झालेले काम थोड्या थोड्या वेळाने नोंदवून ठेवतात. वीज आली की तेथून पुढे चालू.

मात्र संस्थेच्या यंत्रावर परवानगीशिवाय काही चालवू नये. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या तंत्रज्ञाने असाच एक कार्यक्रम परस्पर बसवला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि २००२ साली दंड व ८० तास समाजसेवा यांवर मिटले. मला ही शिक्षा जास्त वाटते, पण वीजबिल भरणाऱ्याला विचारायला हवे होते हे खरे.

तेव्हा प्राचार्यांकडे जाताना हिशेब घेऊन जावे. समजा, सर्व्हर रिकामा असता १०० वॅट व पूर्ण कामात २०० वॅट घेतो. रात्री १० तास काम दिले तर जादा खर्च एक युनिट, महिन्याचे ३०. सर्व्हर बंद ठेवणे शक्य असेल तर मात्र तुलना शून्याशी करावी. मग तेच ६० युनिट होतात. आपल्या यंत्राचे आकडे मीटरवरून काढता येतील. इलेक्ट्रॉनिक मीटरवरील लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट होते, हे मीटरवरच छापलेले असते. यंत्र रिकामे असताना दहा मिनिटे व कामात असताना दहा मिनिटे लुकलुक मोजा. त्या वेळी कक्षातील पंखे व दिवे बंद ठेवण्यास विसरू नका.