प्रपंचाविषयीचा संदेह आणि आचार

शंका : डोळ्यांस दिसणारे हे जग खरोखरच बाहेर आहे, की स्वप्नाप्रमाणे नुसते भासते, याचा निश्चय होत नाही. मग त्या जगाला धरून दया, दान, अहिंसा हे आचार पाळण्याचे प्रयोजन काय ?

समाधान : ही शंका जुनीच आहे. विज्ञानवादी आचार्य वसुबंधू यांनी ‘विंशतिका’ या ग्रंथात बाह्य वस्तूंचे अस्तित्व नाकारले. परंतु मग स्वप्नातील व जागृतीतील कर्मांचे फळ सारखे का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही द्यावे लागले. स्वप्नात चित्त निद्रेने ग्रासलेले असते, म्हणून फळात भेद पडतो, असे ते सांगतात. म्हणजे जग नाकारूनही त्यांनी कर्मफळ नाकारले नाही. फ्रान्सचे तत्त्वज्ञ देकार्त यांनी इ. स. १६४१ च्या ग्रंथात सर्व इंद्रियज्ञानावर संशय घेतला. तथापि हा विचार ज्ञानापुरता आहे, कृतीपुरता नव्हे, असेही तेथेच म्हटले. त्याआधी १६३७ मध्ये त्यांनी आचाराचे तात्पुरते नियम ठरविले होते. जुने घर पाडून नवे बांधावयाचे, तर मध्यंतरी राहावयास दुसरे घर हवेच, हा त्यांचा दृष्टांत.

आता असे पहावे. वाटेवर कोणी तहानेने व्याकूळ होऊन पडला आहे. तो खरा असून पाणी दिले नाही, तर एका जीवाचा घात घडला. तो केवळ भास असून पाणी दिले, तर तांब्याभर पाणीच गेले. संशय फिटला नाही तरी कर्तव्य स्पष्टच आहे. शिवाय स्वतःस भूक लागली असता हातातील भाकरी खरी की भास, असे कोणी विचारीत नाही. दुसऱ्याच्या तहानेपुरतीच ही शंका उठत असेल, तर ती जिज्ञासा नसून निष्ठुरता होय.

महानुभाव सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र मानले आहेत. कार्यरूप प्रपंच अनित्य आहे, मिथ्या नव्हे. हा भेद साधकाने नीट ध्यानी धरावा. अनित्यत्वाच्या बोधाने आचार अवश्य पालटतो : संग्रह सुटतो, आसक्ती ओसरते. मिथ्यात्वाच्या संदेहाने मात्र आपली आसक्ती तशीच राहते आणि दुसऱ्याचे दुःख तेवढे खोटे ठरते. जो विचार आपला लोभ कमी न करता केवळ दया कमी करतो, तो विवेक नव्हे.