स्वतः शोधलेला बँड

प्रश्न : मुलगी रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला जाते. कानात सतत ‘ईझी वाँडरलिंग्ज’. हे खूळ कधी उतरेल?
– एक पालक, पन्हाळा

उत्तर : उतरावं असं मला वाटत नाही. किशोरवयात आणि विशीत ऐकलेली गाणी उतारवयातही सर्वांत ठळक आठवतात, असं स्मृतीच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. याच वयात माणसाची स्वतःची ओळख घडते. सिनेमाची गाणी घरातून आपसूक कानावर पडली, हा बँड तिनं स्वतः शोधला. इंग्रजी म्हणून परका म्हणाल, तर तो पुण्याचाच. ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ हा त्यांचा अल्बम २०१७चा. अभ्यासाची काळजी मात्र रास्त आहे, कारण शब्द असलेलं गाणं वाचनात अडथळा आणतं. पुस्तक उघडलं की इअरफोन बाजूला, एवढंच सांगा. एसटीत खुशाल ऐकू द्या.